बाहत्तरचा दुष्काळ आठवतो, मग सकाळचं जेवण का नाही?

पत्र : माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. सेलूला आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपासून फार विसरायल्यात. जेवून हात धुतला की अर्ध्या तासात ओट्यावर जाऊन शेजारणीला सांगतात, 'मला सकाळपासून कुणी तुकडा दिला नाही.' पण बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या होत्या, तिथला मुकादम हजेरी कशी घ्यायचा, सुकडी कशी मिळायची, हे तासभर सांगतील. जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हणतात. भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापतात. यंदा महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मात्र पुरणात मीठ घातलं आणि चुलीपुढं नुसत्या बसून राहिल्या. आम्ही सहा वर्षांपूर्वी नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं, ते त्यांना सापडत नाही. दिवस कलला की पिशवी भरून 'घरी जाते' म्हणतात. त्यांची बोरमाळ मीच चोरली, असं गल्लीभर सांगून झालंय. दीर पुण्याला असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी इतकं नीट बोलतात की ते मला म्हणाले, 'वहिनी, आईला काही झालेलं नाही, तुम्हीच वाढवून सांगता.' जाऊबाई म्हणतात, 'सोंगं करायल्यात.' डॉक्टरांनी एमआरआय काढून अल्झायमर सांगितला, हिप्पोकॅम्पस आकसलाय म्हणाले. मेंदू आजारी पडला तर सगळाच पडायला पाहिजे ना? एकच भाग का? त्या खरंच विसरतात, का निवडून विसरतात?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या घरातलं सगळं भांडण त्यावरच अडलंय. आत्याबाई निवडून विसरत नाहीत. निवड आजार करतो. अल्झायमर मेंदूवर सगळीकडे सारखा पसरत नाही. तो ठरावीक जागी सुरू होतो, ठरावीक क्रमानं पुढं सरकतो आणि काही भागांना अगदी शेवटपर्यंत फारसा हात लावत नाही. तुम्ही लिहिलेल्या एकेक गोष्टीत मला तो क्रम दिसतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ठरवून एवढं अचूक सोंग आणता येणार नाही.

हा क्रम कागदावर आणला जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या हाइको आणि एव्हा ब्राक या शास्त्रज्ञ दांपत्यानं. १९९१ मध्ये त्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या ८३ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरमध्ये पेशींच्या आत 'टाउ' नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात. त्या कुठं आधी दिसतात आणि कुठं नंतर, हे पाहून त्यांनी सहा टप्पे मांडले. पहिल्या दोन टप्प्यांत कानशिलाच्या आत खोलवर असलेला एक छोटा पट्टा धरला जातो. त्याला एन्टोरायनल कॉर्टेक्स म्हणतात. पुढच्या दोनात त्याला लागून असलेला, आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग येतो. शेवटच्या दोनात मेंदूची मोठी बाहेरची साल, आणि त्यातही हालचाल, स्पर्श आणि दृष्टी यांची मूळ केंद्रं सगळ्यात उशिरा. मागच्या बाजूचा लहान मेंदू बराच काळ सुटतो.

हा छोटा पट्टा एवढा महत्त्वाचा का? दिवसभरात आपण पाहतो, ऐकतो, खातो, बोलतो, ते सगळं मेंदूच्या निरनिराळ्या भागांतून या पट्ट्यात येतं आणि इथून हिप्पोकॅम्पसमध्ये जातं. तिथं त्याची आठवण बांधली जाते. पावसाळ्यात ओढ्यावरचा एकुलता एक पूल वाहून गेला की गावातलं धान्य गावात सुरक्षित असतं, पण बाहेरचं नवं काही आत येत नाही. आत्याबाईंचं नेमकं तसं झालंय. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत हेच दाखवलं. हिप्पोकॅम्पसला बातमी आणून देणाऱ्या आणि तिथून बाहेर नेणाऱ्या नेमक्या पेशी मेलेल्या होत्या, त्यामुळे तो बाकीच्या मेंदूपासून तुटलेला होता. १९९६ मधला आणखी एक अभ्यास तुमच्या दिरांना जरूर सांगा. ज्यांचा आजार अगदी सौम्य होता, घरच्यांना नुकती शंका यायला लागली होती, अशांच्याही या पट्ट्याच्या दुसऱ्या थरातल्या पेशी सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. आजार बळावलेल्यांत ही घट ९० टक्क्यांपर्यंत गेलेली होती. घरात 'वय झालं, विसरायचंच' असं बोललं जातं तेव्हा आत एवढं होऊन गेलेलं असतं.

म्हणजे आत्याबाई जेवल्याचं 'विसरत' नाहीत. जेवल्याची आठवण तयारच होत नाही. 'आत्ताच तर जेवलात, एवढ्यात कसं विसरलात?' असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तुम्ही खोटं बोलत असता. त्यांना खरंच तुकडा मिळालेला नसतो. पुरावा देत बसू नका. ताटात पहिल्यांदाच निम्मं वाढा, निम्मं झाकून ठेवा आणि मागितलं की 'बसा आत्याबाई, वाढते' म्हणा. साखरेचा त्रास असेल तर एवढी वाटणी डॉक्टरांना विचारून ठरवा.

मग बाहत्तरचा दुष्काळ कसा टिकला? त्या वर्षी त्या विशीत होत्या. त्या वयातल्या आठवणी तशाही सगळ्यांच्याच जास्त पक्क्या असतात. शिवाय खडीचं काम, सुकडीची रांग, आटलेल्या विहिरी हे त्यांनी पन्नास वर्षांत किती वेळा सांगितलं असेल! जुनी, पुन्हा पुन्हा उजळलेली आठवण हळूहळू मेंदूच्या मोठ्या सालीत रुजते आणि हिप्पोकॅम्पसवर तेवढी अवलंबून राहत नाही. ती साल ब्राक यांच्या क्रमात नंतर येते. पुढं या आठवणींनाही झळ लागेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून आज त्या सांगतात तोवर मोबाइलवर आवाज भरून घ्या. रोजगार हमी कायद्याच्या आधीचं ते दुष्काळी काम ज्यांनी स्वतःच्या हातांनी केलं, अशा बाया मराठवाड्यात आता थोड्या उरल्या आहेत.

भाकरीचं गणित आणखी वेगळं आहे. पीठ मळणं, थापणं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवणं ही हातांची सवय आहे. ती मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांत, लहान मेंदूत आणि हालचालीच्या केंद्रात बसलेली असते, आणि हे भाग या आजारात बराच काळ तग धरतात. ओव्यांचंही बरंचसं असंच. जर्मनीत २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात फार जुन्या, पाठ झालेल्या गाण्यांशी जोडलेले मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये तुलनेनं कमी झिजलेले आढळले. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक मात्र नुसत्या हातांचा नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कशाच्या आधी काय, कशात मीठ पडलं, कशात पडायचं आहे, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. त्याला कपाळामागचा आणि टाळूखालचा भाग लागतो, आणि मिनिटापूर्वीची आठवणही लागते. तिथं त्या कोसळल्या. त्या चुलीपुढं नुसत्या बसल्या तो आळस नव्हता, रुसवाही नव्हता. पुढचं पाऊल कुठलं, हेच त्यांना सापडत नव्हतं. पुढच्या वर्षी सगळा बेत तुम्ही हातात घ्या, पण त्यांना चुलीपासून उठवू नका. पुरण वाटणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, पोळी लाटणं असं एका वेळी एकच काम द्या आणि ते झालं की दुसरं.

आता नव्या प्लॉटिंगमधलं घर. एन्टोरायनल कॉर्टेक्स फक्त आठवणींचा नाही, वाटांचाही आहे. आपण कुठं उभे आहोत आणि किती पुढं आलो, याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी तिथंच आहेत. नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी त्या २००५ मध्ये दाखवल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या तशाच पेशी आधीच शोधणाऱ्या जॉन ओकीफ यांच्याबरोबर त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आजार सुरू होतो तोच या जागी, म्हणून वाट चुकणं हे लक्षण इतकं लवकर दिसतं. सहा वर्षांपूर्वीचं घर त्यांच्यासाठी नवं आहे.

आणि 'घरी जाते' म्हणजे कुठं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? बहुधा त्या माहेर सांगतील, किंवा सून म्हणून आल्या ते जुनं घर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका माणसाची गोष्ट लिहिली. मेंदूज्वरानं त्याचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग गेला होता. आजारानंतर तो जिथं राहायला गेला तिथली वाट त्याला शिकता येईना. पण लहानपणी ज्या भागात वाढला तिथल्या रस्त्यांची माहिती तो कुणाही चांगल्या माणसाइतकी बिनचूक सांगायचा. त्याचा आजार वेगळा होता, पण धरलेली जागा तीच. आत्याबाईंच्या मनात जी वाट शाबूत आहे, त्या वाटेच्या टोकाला असलेलं घर त्यांना खरं वाटतं. 'हेच तुमचं घर' असं पटवू नका, आणि 'तुमचे आईबाप केव्हाच गेले' असं तर चुकूनही म्हणू नका. ती बातमी त्यांना दर वेळी नव्यानं कळेल आणि दर वेळी पहिल्यांदा रडायला लागेल. पिशवी हातात घ्या, चार पावलं सोबत जा, माहेरच्या विहिरीचं, वाड्याचं विचारा आणि वळून घरी आणा. दिवेलागणीला सावल्यांनी गोंधळ वाढतो, म्हणून अंधार पडण्याआधीच दिवे लावा. नाव आणि तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी त्यांच्या पोलक्याच्या आत शिवून टाका. गल्लीतल्या किराणावाल्याला, रिक्षावाल्यांना आणि बसस्टँडवर सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

बोरमाळीबद्दल लिहिताना तुमचा हात थरथरला असणार. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या पहिल्या रुग्ण बाईचं वर्णन केलं, ती १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्याच रुग्णालयात दाखल झाली होती. वय ५१. तिचा पहिला लक्षात आलेला त्रास म्हणजे नवऱ्यावरचा संशय. ती वस्तू इकडून तिकडं नेऊन लपवायची आणि स्वतःच्या घरात तिला वाट सापडत नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतलं हे वर्णन आणि तुमचं सेलूचं पत्र शेजारी ठेवून वाचलं की मला गलबलून येतं. आत्याबाईंनी माळ जपून ठेवली. ठेवल्याची आठवण बांधली गेली नाही. माळ जागेवर नाही एवढंच समोर आलं, आणि मेंदूनं रिकाम्या जागेत मिळेल ते उत्तर भरलं. घरात सतत समोर तुम्ही असता, म्हणून बोट तुमच्याकडे. जी सांभाळते तिच्यावरच आळ येतो, हे मी जवळपास प्रत्येक घरात पाहते. 'मी चोरली नाही' हे सिद्ध करायला जाऊ नका. 'हरवली का? चला, दोघी शोधू' म्हणा. ज्वारीच्या कणगीत, उशीच्या खोळीत, देवघरामागं पाहा. सापडली की खरी माळ कुलुपात ठेवा आणि तशीच दिसणारी खोटी त्यांच्याजवळ राहू द्या.

तुमचा मूळ प्रश्न उरतोच : हीच जागा का? याचं पूर्ण उत्तर अजून संशोधनात आहे, पण बरंच काही हाती आलंय. त्या छोट्या पट्ट्याच्या दुसऱ्या थरातल्या पेशी मोठ्या आहेत आणि त्यांचे तंतू लांब जातात. एवढा लांब तंतू जिवंत ठेवायला ऊर्जा फार लागते, आणि वय वाढलं की पेशीची ऊर्जा कमी पडायला लागते. टाउ हे प्रथिन एरवी या तंतूंच्या आतल्या आधाराला धरून असतं. दुसरं, नवं शिकणाऱ्या पेशींना आपल्या जोडण्या आयुष्यभर मोडून पुन्हा बांधाव्या लागतात. ही सततची उलथापालथ टाउच्या बिघाडाला वाव देते, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. जन्मानंतर ज्या भागांच्या तंतूंवर चरबीचं आवरण सगळ्यात उशिरा चढतं, ते भाग या आजारात आधी पडतात. ज्यांच्यावर लवकर चढतं, हालचाल आणि दृष्टीची केंद्रं, ते उशिरा. आणि बिघडलेला टाउ एका पेशीतून तिला जोडलेल्या दुसऱ्या पेशीत जातो. म्हणून आजार जवळच्या जागेला धरतोच असं नाही, जोडलेल्या जागेला धरतो. मानेच्या वर, मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा इवलासा ठिपका आहे. त्याच्या एकेका पेशीचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. तिथं टाउचे पहिले बदल तर विशी-तिशीतल्या माणसांतही सापडलेत. तेवढ्यावरून कुणाला आजार होतो असं मात्र नाही.

अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर साचणारं अमिलॉइड नावाचं दुसरं प्रथिनही असतं. त्याची वाट उलटी आहे. ते आधी मोठ्या सालीत दिसतं, आणि मेंदूत भरपूर अमिलॉइड असूनही डोकं शाबूत असलेले वृद्ध असतात. माणसाला काय जमत नाही, हे टाउ कुठं पोचला यावरून जास्त नेमकं कळतं. अमिलॉइड धुऊन काढणारी काही नवी औषधं अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत आली आहेत. ती सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाची घसरण थोडी मंद करतात, मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोकाही असतो. आत्याबाई ज्या टप्प्यावर आहेत तिथं त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यासाठी कुणी शेत गहाण टाकायला सांगत असेल तर टाकू नका.

जी साधी गोळी बहुधा तुम्हाला लिहून दिली असेल, डोनेपेझिल, ती याच निवडक झिजण्याशी जोडलेली आहे. मेंदूच्या तळाशी असिटिलकोलीन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे, तोही या आजारात लवकर झिजतो. गोळी उरलेलं असिटिलकोलीन जास्त वेळ टिकवते. आजार थांबत नाही, काहींना काही महिने जरा बरं जातं. याची दुसरी बाजू घरोघरी दुर्लक्षिली जाते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते याच रसायनाचं काम अडवतं आणि गोंधळ वाढवतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं सर्दीची किंवा झोपेची गोळी आणून देऊ नका.

बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर या तपासण्या झाल्यात का, तुम्ही लिहिलेलं नाही. झाल्या नसतील तर या आठवड्यात करा. हे बिघाड सुधारता येतात आणि अल्झायमरच्या वर बसून तो दुप्पट दिसायला लावतात. ऐकू कमी येत असेल तर तेही पाहा. एकदम दोन-चार दिवसांत बिघडल्या तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा कुठं डोकं आपटलेलं असू शकतं, लगेच दाखवा.

तुमच्या मिस्टरांना आपल्यालाही होईल अशी भीती वाटत असेल तर सांगा, चौऱ्याहत्तरीला दिसणारा अल्झायमर सहसा थेट वारशानं येत नाही. आईला असला तर धोका थोडा वाढतो, एवढंच. रक्तदाब, साखर, कान, तंबाखू यांकडे आत्तापासून पाहावं.

आता दीर. त्यांचा राग मला तुमच्याइतकाच येतो, पण त्यांना जे दिसतं ते खोटं नाही. बोलण्याची लकब, विचारपूस, 'बरी हाय रे, तू जेवलास का, लेकरं कशी हायत' ही वाक्यं आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेली असतात. ती म्हणायला नवी आठवण लागत नाही. भाषा आणि माणसांतली रीत बराच काळ टिकते. पाच मिनिटांचा कॉल त्यावर सहज निभतो. कॉलवर त्यांना आईची परीक्षा घ्यायला लावू नका, आत्याबाई ओशाळतील. त्यांना सुट्टी काढून चार दिवस सेलूला राहायला बोलवा. एक संध्याकाळ आणि एक रात्र आईची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर द्या आणि तुम्ही माहेरी जाऊन या. जाताना हे उत्तर त्यांच्या हातात ठेवा.

जाऊबाईंना एक गोष्ट सांगा. त्याच आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखाच्या आणि नंतर आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळात त्यांना आपण काय पाहिलं ते आठवेना. पण ते दुःख आणि तो आनंद मनात तसाच रेंगाळत राहिला. 'सोंगं करायल्यात' हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तर आत्याबाई शब्द विसरतील, जिव्हारी लागलेलं मात्र बराच वेळ आत राहील. मग दुपारी कारण नसताना रडतात, जेवत नाहीत, ते का, हे कुणाला कळत नाही. हाताला हात लावून गोड बोललेलंही असंच आत राहतं.

सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला न्या. मेंदूविकारतज्ज्ञ जवळ नसेल तर संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फिल्म, सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. तुम्हाला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर स्वतःसाठी फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आहे. पुढच्या पत्रात बी-१२ आणि थायरॉइडचे आकडे लिहा, आणि दीर येऊन राहिले का तेही.